यादी मोठी, उत्तर एक: रिड्यूस नीट समजून घेऊ

प्रोग्रॅमिंग शिकताना ॲरे, म्हणजे नगांची क्रमवार यादी, आला की पाठोपाठ मॅप, फिल्टर आणि रिड्यूस हे त्रिकूट येतं. मॅप लगेच कळतं: यादीतल्या प्रत्येक नगावर तीच क्रिया करायची. फिल्टरही कळतं: हवे ते नग ठेवायचे, नको ते गाळायचे. रिड्यूसपाशी, म्हणजे सगळी यादी आटवून एकच उत्तर काढण्यापाशी, मात्र बरेच जण अडतात. उदाहरण म्हणून बेरीज दिलेली असते, ती समजते. मग कुणीतरी त्याच रिड्यूसने अख्खा ऑब्जेक्ट, म्हणजे नावं आणि त्यांच्या किमतींचा संच, बांधून दाखवतं आणि सगळं डोक्यावरून जातं. म्हणून बेरजेवर न थांबता थोडं पुढे जाऊ. रिड्यूस वापरताना खरा विचार एकाच प्रश्नाचा करायचा असतो: यादीतून एकेक नग घेत पुढे सरकताना, मागे जे काही येऊन गेलं त्यातलं नेमकं काय लक्षात ठेवलं की पुरतं?

आधी साधा लूप, म्हणजे तीच कृती प्रत्येक नगासाठी पुन्हा करणं, पाहू. इथे दिलेला कोड कोणत्याही एका भाषेतला नाही, कल्पना कळावी म्हणून मराठीत लिहिला आहे. समजा दुकानाच्या दिवसभराच्या पावत्या आहेत: २४०, ७५, ५१०, १२०.

जमा = ०
पावत्यांतल्या प्रत्येक नगासाठी:
  जमा = जमा + नग

आता याच यादीतली सगळ्यात मोठी पावती शोधायची आहे.

जमा = पहिली पावती
उरलेल्या प्रत्येक नगासाठी:
  जमा = जमा आणि नग यांतला मोठा

आणि ‘प्रत्येक पावती ५० रुपयांच्या वरची आहे का?’ हे तपासायचं असेल तर:

जमा = खरं
प्रत्येक नगासाठी:
  जमा = जमा खरं आहे आणि नग ५० पेक्षा मोठा आहे

तिन्ही तुकडे एकाखाली एक ठेवून बघा. सांगाडा तोच आहे. बदलतात फक्त दोन गोष्टी: सुरुवात कशाने करायची आणि आतापर्यंतच्या जमेत नवा नग कसा मिसळायचा. ज्यांनी रिड्यूस घडवलं त्यांनी एवढंच केलं की सांगाडा भाषेच्या पोटात टाकला आणि बदलणाऱ्या दोन गोष्टी आपल्याकडून मागून घेतल्या. मिसळण्याचा नियम म्हणजे एक छोटं फंक्शन. त्याला दोन गोष्टी मिळतात, आतापर्यंतची जमा आणि आत्ताचा नग, आणि ते नवी जमा परत देतं. त्या जमेला बहुतेक ठिकाणी ॲक्युम्युलेटर म्हणतात. या लेखात मी जमा हाच शब्द ठेवतो.

पावत्यांच्या बेरजेत हे फंक्शन चार वेळा चालतं. पहिल्यांदा जमा ० आणि नग २४०, उत्तर २४०. मग २४० आणि ७५ मिळून ३१५. मग ३१५ आणि ५१० मिळून ८२५. शेवटी ८२५ आणि १२० मिळून ९४५. यादी संपली, ९४५ हातात आलं. प्रत्येक पायरीला फंक्शनला आधीच्या पावत्या दिसतही नाहीत. त्याला दिसते ती फक्त जमा. हे वाक्य लक्षात राहू द्या, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

ही क्रिया वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळ्या नावांनी भेटते. जावास्क्रिप्ट आणि पायथनमध्ये रिड्यूस, हास्केलमध्ये फोल्ड, सी शार्पमध्ये ॲग्रिगेट, सी प्लस प्लसमध्ये ॲक्युम्युलेट, रुबीत इंजेक्ट. ती जुनीही आहे. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली एपीएल या भाषेची मूळ मांडणी प्रसिद्ध केली. त्या भाषेत अधिकचं चिन्ह आणि पुढे एक तिरकी रेघ लिहिली की उजवीकडच्या सगळ्या यादीची बेरीज मिळते. अधिकच्या जागी गुणिले ठेवा, गुणाकार मिळतो. लूप नाही, व्हेरिएबल नाही, फक्त दोन खुणा. आयव्हर्सन यांना १९७९ साली संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता सुरुवातीच्या किमतीकडे येऊ. इथे घाई केली की पुढे हमखास त्रास होतो. बेरजेची सुरुवात ० ने, कारण ० मिळवल्याने काही बदलत नाही. गुणाकाराची १ ने, तेही त्याच कारणाने. गुणाकार ० ने सुरू केला तर शेवटपर्यंत शून्यच राहतं. ‘सगळे खरे आहेत का’ याची सुरुवात खरं या किमतीने आणि ‘एक तरी खरं आहे का’ याची सुरुवात खोटं या किमतीने. अशा बहुतेक नियमांची एक निरुपद्रवी किंमत असते, जी मिसळली तरी समोरचा नग होता तसाच राहतो. सुरुवात तिनेच करायची.

सर्वांत मोठा आकडा शोधताना ही निरुपद्रवी किंमत कोणती? पटकन ० म्हणावंसं वाटतं. पावत्यांना ते चालूनही जातं, कारण पावती ऋण नसते. पण तोच कोड लडाखमधल्या द्रासच्या जानेवारीतल्या तापमानांवर चालवला तर? समजा नोंदी उणे १२, उणे ७ आणि उणे १९ अशा आहेत. ० ने सुरुवात केली की ० आणि उणे १२ यांत मोठं ०, ० आणि उणे ७ यांत मोठं ०, आणि शेवटी उत्तरही ०. जे तापमान यादीत कुठेच नाही ते सर्वाधिक म्हणून छापलं जाईल. बरोबर उत्तर उणे ७. खरी निरुपद्रवी किंमत आहे ऋण अनंत. जावास्क्रिप्टमध्ये सर्वांत मोठा आकडा देणाऱ्या मॅथ मॅक्स या फंक्शनला एकही आकडा न देता बोलावलं तर ते ऋण अनंतच परत देतं. पहिल्यांदा पाहताना ते विचित्र वाटतं, पण या हिशोबाने पाहिलं तर दुसरं काही परत देणंच चुकीचं ठरलं असतं.

सुरुवातीची किंमत दिलीच नाही तर बऱ्याच भाषा यादीतला पहिला नग जमा म्हणून उचलतात आणि दुसऱ्यापासून काम सुरू करतात. सोय म्हणून हे बरं आहे. पण यादी रिकामी असेल तर उचलायला पहिला नगच नसतो. जावास्क्रिप्ट अशा वेळी टाइपएरर देते, पायथनचं रिड्यूसही एरर देतं. सणाच्या दिवशी दुकान बंद, एकही पावती नाही, आणि रात्रीचा अहवाल तयार करणारा प्रोग्राम कोसळतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. आणखी एक बारीक गोष्ट आहे. यादीत एकच नग असेल आणि सुरुवातीची किंमत दिली नसेल, तर आपलं मिसळणारं फंक्शन एकदाही चालत नाही. तो एकटा नग जसाच्या तसा परत येतो. आपण आकडा मिळेल म्हणून बसलेलो असतो आणि हातात येते पावतीची अख्खी नोंद. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: सुरुवातीची किंमत नेहमी लिहा, चार अक्षरं जास्त टाइप करावी लागली तरी.

आतापर्यंत जमा आणि नग एकाच जातीचे होते, आकडा आणि आकडा. पण तसं बंधन नाही. रिड्यूसची खरी ताकद इथे सुरू होते.

१, ९, ६, ० हे चार सुटे अंक आहेत, महाराष्ट्राच्या स्थापनेच्या वर्षाचे. त्यांपासून १९६० ही एक संख्या तयार करायची. नियम: जमेला १० ने गुणा आणि नवा अंक मिळवा. सुरुवात ० ने. पहिला अंक १, जमा १. मग १ गुणिले १० अधिक ९, म्हणजे १९. मग १९० अधिक ६, म्हणजे १९६. मग १९६० अधिक ०, म्हणजे १९६०. कॅल्क्युलेटरवर एकेक बटण दाबताना पडद्यावर हेच घडताना दिसतं. गणितात ही हॉर्नरची पद्धत म्हणून ओळखली जाते.

आता यात एक छोटा बदल करू. प्रत्येक पायरीला जमेला ७ ने भागून फक्त बाकी ठेवायची. १ ची बाकी १. मग १९, बाकी ५. मग ५ गुणिले १० अधिक ६, म्हणजे ५६, बाकी ०. शेवटचा अंक ०, बाकी ०. म्हणजे १९६० ला ७ ने पूर्ण भाग जातो, आणि खरंच ७ गुणिले २८० म्हणजे १९६०. गंमत अशी की पूर्ण संख्या आपण एकदाही तयार केली नाही. हजार अंकी संख्या दिली तरी जमा ६ च्या पुढे जाणार नाही. युरोपातल्या बँक खात्यांचा आयबॅन क्रमांक तपासताना हेच करता येतं. अक्षरांचे अंक करून, पहिली चार अक्षरं शेवटी नेऊन ९७ ने भाग द्यायचा आणि बाकी १ यायला हवी. एवढी मोठी संख्या कॉम्प्युटरच्या नेहमीच्या पूर्णांकात मावत नाही, पण मावायची गरजही नाही. मागच्या सगळ्या अंकांबद्दल फक्त बाकी लक्षात ठेवली की पुरतं.

सरासरीचं काय? दोन सरासऱ्यांची सरासरी काढली की उत्तर चुकतं, हे माहीत असूनही कोडमध्ये ही चूक वारंवार दिसते. एका तुकडीत ४० मुलं आहेत आणि सरासरी ६० गुण, दुसरीत १० मुलं आहेत आणि सरासरी ९०. सरासऱ्यांची सरासरी ७५ येते. पण एकूण गुण २४०० अधिक ९०० म्हणजे ३३००, मुलं ५०, आणि खरी सरासरी ६६. म्हणजे जमेत नुसती सरासरी ठेवून पुरत नाही. जोडी ठेवावी लागते: एकूण गुण आणि मुलांची संख्या. नवा नग आला की पहिल्यात गुण मिळवा, दुसऱ्यात १ मिळवा. भागाकार यादी संपल्यावर, एकदाच. जमा म्हणजेच शेवटचं उत्तर असं मानण्याची सवय इथे मोडावी लागते. जमेत उत्तर काढण्यापुरता ऐवज असला म्हणजे झालं.

याच विचाराचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे सलग दिवसांतला सर्वाधिक नफा. सहा दिवसांचा नफा-तोटा हजारांत असा आहे: उणे २, ५, उणे १, ३, उणे ६, ४. कोणते सलग दिवस निवडले तर बेरीज सर्वांत मोठी येईल? सगळे तुकडे तपासत बसलो तर यादी वाढेल तसं काम झपाट्याने वाढतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जे कडेन यांनी हे एका फेरीत सोडवलं. जमेत दोन आकडे ठेवायचे: आज संपणाऱ्या सलग तुकड्यांतली सर्वांत मोठी बेरीज, आणि आजवर पाहिलेली सर्वांत मोठी बेरीज. नवा दिवस आला की एकच निर्णय: मागचा तुकडा पुढे न्यायचा की आजपासून नवा सुरू करायचा? ज्यात जास्त, ते.

पहिल्या दिवशी जोडी उणे २, उणे २. दुसऱ्या दिवशी मागचं ओझं घेतलं तर ३, नव्याने सुरू केलं तर ५, म्हणून जोडी ५, ५. तिसऱ्या दिवशी ५ मधून १ गेला, जोडी ४, ५. चौथ्या दिवशी ७, ७. पाचव्या दिवशी ७ मधून ६ गेले, जोडी १, ७. सहाव्या दिवशी ५, ७. उत्तर ७, म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचा तुकडा. सहा दिवस असोत की सहा कोटी, जमेत आकडे दोनच. मागचं किती विसरता येईल हे ज्याला नेमकं दिसलं, त्याला हा कोड सुचला.

जमा ही नाव आणि आकडा अशा जोड्यांची डिक्शनरीही असू शकते. विधानसभेची मतमोजणी घ्या. सभागृहात साधारण १४ टेबलं असतात, एका फेरीत प्रत्येक टेबलावर एकेक मतदान यंत्र मोजलं जातं, आणि फेरीअखेर प्रत्येक उमेदवाराच्या एकूण मतांचा तक्ता पुढे सरकतो. तो तक्ता म्हणजे जमा. सुरुवातीला सर्वांच्या नावापुढे शून्य. नवा नग म्हणजे एका यंत्राचा निकाल. मिसळण्याचा नियम म्हणजे ज्याच्या त्याच्या नावापुढे मतं मिळवणं. प्रोग्रॅमिंगमध्ये ऑब्जेक्ट बांधणारं जे रिड्यूस अवघड वाटतं, ते एवढंच असतं.

पण मतमोजणीत आणखी एक गोष्ट आहे. १४ टेबलं एकाच वेळी मोजत असतात. पहिलं टेबल संपल्याशिवाय दुसऱ्याने सुरू करायचं नाही, असं नसतं. कोणतं यंत्र कोणत्या टेबलावर गेलं यानेही निकाल बदलत नाही. हे आपण गृहीत धरतो, पण ते शक्य होतं ते बेरजेच्या गुणधर्मामुळे. बेरजेत कंस कुठेही टाका, उत्तर तेच. पहिल्या दोघांची बेरीज करून तिसरा मिळवा, किंवा शेवटच्या दोघांची बेरीज करून ती पहिल्यात मिळवा. शाळेत याला साहचर्य म्हणतात. सातवी-आठवीत परीक्षेपुरता पाठ केलेला हा नियम आजच्या मोठ्या डेटा प्रणालींचा पाया आहे.

वजाबाकीत हा गुण नाही. १०, ३, २ ही यादी डावीकडून वजा करत गेलो तर ७ आणि मग ५. उजवीकडून गेलो तर आधी ३ वजा २ म्हणजे १, मग १० वजा १ म्हणजे ९. म्हणूनच हास्केलमध्ये डावीकडून आणि उजवीकडून अशी दोन वेगळी फोल्ड असतात आणि जावास्क्रिप्टमध्ये रिड्यूसच्या जोडीला रिड्यूसराइट असतं. एपीएल उजवीकडून हिशोब करते, त्यामुळे तिथे वजाबाकीचं रिडक्शन १० वजा ३ अधिक २ असं आलटून पालटून चिन्हं बदलणारं उत्तर देतं.

साहचर्य आणि क्रमनिरपेक्षता (नगांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच) यांत गल्लत करू नका. शब्द जोडून वाक्य करण्यात साहचर्य आहे, कंस कुठेही टाका, वाक्य तेच. पण शब्दांचा क्रम बदलला की वाक्य बदलतं. कधी कधी क्रमाचं हे भान मुद्दाम हवं असतं. आधार क्रमांकाच्या १२ अंकांतला शेवटचा अंक तपासणीसाठी असतो आणि तो फेरहुफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या पद्धतीने काढतात. टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटसुलट होणं ही नेहमीची चूक आहे. तपासणी अंकासाठी साधी बेरीज वापरली असती तर ही चूक पकडताच आली नसती, कारण बेरजेला क्रम दिसत नाही. फेरहुफने अंक एकत्र करण्यासाठी अशी क्रिया घेतली जिच्यात क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं, आणि जोडीला अंकाच्या जागेनुसार बदलणारी अदलाबदलही ठेवली. त्यामुळे एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक अदलाबदल झाले, तर ती चूक दर वेळी पकडली जाते.

साहचर्य असेल तर काम वाटून घेता येतं. ८ आकड्यांची बेरीज एकट्याने ७ पायऱ्यांत होते. चौघांनी वाटून घेतली तर पहिल्या फेरीत ४ जोड्या, दुसऱ्या फेरीत २, तिसऱ्या फेरीत १, अशा ३ फेऱ्यांत होते. १० लाख आकडे असतील तर एका मागोमाग ९,९९,९९९ बेरजा कराव्या लागतात. पण पुरेसे प्रोसेसर असतील तर २० फेऱ्या पुरतात, कारण २ चा विसावा घात १० लाखांच्या थोडा पुढे जातो. गूगलमधले जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ साली मॅपरिड्यूस ही पद्धत मांडली ती याच विचारावर. हजारो साध्या मशिनींवर डेटाचे तुकडे पसरायचे, प्रत्येकीने आपल्या तुकड्यावर काम करायचं आणि मग निकाल एकत्र करायचे. त्यावरून पुढे हडूप ही मोठा डेटा हाताळणारी प्रणाली आली. या पद्धतीत प्रत्येक मशिनीवर अर्धवट निकाल आधीच एकत्र करून पाठवायची सोय असते, म्हणजे नेटवर्कवरचं ओझं कमी होतं. पण ती सोय वापरायची तर मिसळण्याचा नियम साहचर्य आणि क्रमनिरपेक्षता दोन्ही पाळणारा हवा. मशिनींनी सरासऱ्या पाठवल्या तर वरच्या मुलांच्या दोन तुकड्यांसारखं ७५ उत्तर येईल. त्यांनी जोड्या पाठवल्या तर ६६.

इथे एक अडचण आहे आणि ती अनेक अनुभवी लोकांनाही चकवते. कागदावरच्या बेरजेत साहचर्य असतं, कॉम्प्युटरच्या दशांश अपूर्णांकांच्या बेरजेत नसतं. ०.१, ०.२, ०.३ ही यादी डावीकडून बेरीज केली तर बहुतेक भाषांत ०.६००००००००००००००१ येतं. तीच यादी उजवीकडून केली तर ०.६. कारण ०.१ ही संख्या कॉम्प्युटरच्या ० आणि १ च्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही, जवळची किंमत साठवावी लागते, आणि प्रत्येक बेरजेनंतर पुन्हा थोडं इकडेतिकडे होतं. त्यामुळे तोच प्रोग्राम, तोच डेटा, पण मशिनी कमी-जास्त झाल्या तर शेवटचे अंक बदलू शकतात. रकमेचा हिशोब रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवा असं जे सांगतात ते यासाठी.

एका पायरीतली चूक नगण्य असते, हे खरं. पण रिड्यूसमध्ये जमा पुढच्या पायरीला जाते, आणि तिच्यासोबत चूकही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर आधीच्या निर्देशांकात बदल मिसळून नवा निर्देशांक काढला जाई, दिवसाला सुमारे तीन हजार वेळा. दर वेळी तीन दशांश स्थळांपुढचं राउंड न करता सरळ कापून टाकलं जाई. कापताना सरासरी ०.०००५ चं नुकसान, आणि तेही नेहमी खालच्याच दिशेने. तीन हजार वेळा म्हणजे दिवसाला दीड अंक. महिन्यात वीसेक कामकाजाचे दिवस धरले तर तीसेक अंक. नोव्हेंबर १९८३ पर्यंत, म्हणजे जेमतेम बावीस महिन्यांत, निर्देशांक ५२० च्या आसपास घसरला होता. हिशोब दुरुस्त केल्यावर तो १०९८.८९२ निघाला. बाजार वर गेला होता आणि पडद्यावरचा आकडा जवळजवळ निम्मा झाला होता. मिसळण्याच्या नियमात चूक एका दिशेला झुकलेली असेल तर चुका एकमेकींना कधीच छेद देत नाहीत, साचतच जातात.

यावर उपाय आहेत. संगणकशास्त्रज्ञ विल्यम काहान यांच्या पद्धतीत जमेत एकाऐवजी दोन आकडे ठेवतात: बेरीज, आणि बेरजेतून निसटलेला बारीक तुकडा. तो तुकडा पुढच्या पायरीला परत मिसळतात. पुन्हा तोच धडा, जमेत काय ठेवायचं याचा. पायथनच्या ३.१२ आवृत्तीपासून अंगभूत सम फंक्शन दशांश संख्यांसाठी याच जातीची पद्धत वापरतं. त्याआधी ०.१ दहा वेळा मिळवलं की ०.९९९९९९९९९९९९९९९९ येई, आता १.० येतं.

रिड्यूस कळलं की सगळीकडे तेच वापरावंसं वाटतं. तो मोह आवरायला हवा. पायथनचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांनी २००५ साली रिड्यूस भाषेच्या मूळ गाभ्यातून काढून टाकण्याच्या बाजूने लिहिलं होतं. बेरीज आणि गुणाकार सोडले तर रिड्यूस असलेली ओळ वाचताना कागद-पेन घ्यावं लागतं, असा त्यांचा मुद्दा होता. पायथन ३ मध्ये ते फंक्टूल्स या मॉड्यूलमध्ये गेलं. मला त्यांचा मुद्दा बराचसा पटतो. बेरजेला सम आहे, सर्वांत मोठ्याला मॅक्स आहे, ‘सगळे’ आणि ‘एक तरी’ यांना ऑल आणि एनी आहेत. ती नावं वाचणाऱ्याला लगेच कळतात. शिवाय ‘एक तरी’ शोधताना पहिलाच नग जुळला तरी नेहमीचं रिड्यूस यादी संपेपर्यंत चालत राहतं, एनी तिथेच थांबतं. जमेचा आकार वेगळा असेल, जोडी किंवा डिक्शनरी असेल, तेव्हा रिड्यूस शोभतं. तिथेही मिसळणारं फंक्शन चार ओळींच्या पुढे जायला लागलं तर साधा लूप लिहावा, त्यात कमीपणा नाही.

जावास्क्रिप्टमध्ये दोन चुका फार दिसतात. पहिली, मिसळणाऱ्या फंक्शनमध्ये महिरपी कंस टाकून रिटर्न लिहायचं विसरणं. मग पहिल्याच पायरीनंतर जमा अनडिफाइन्ड, म्हणजे किंमत नसलेली, होते आणि शेवटचं उत्तरही अनडिफाइन्डच येतं. दुसरी जास्त फसवी आहे, कारण उत्तर बरोबरच येतं. प्रत्येक पायरीला जुना ऑब्जेक्ट तीन टिंबांनी पसरून नवा ऑब्जेक्ट बनवतात. दिसायला सुबक, पण दर वेळी आधीचं सगळं कॉपी होतं. १०,००० वेगळी नावं असतील तर कॉपींची एकूण संख्या सुमारे ५ कोटींवर जाते. शंभर नोंदींवर तपासून पाहणाऱ्याला काहीच जाणवत नाही, खऱ्या डेटावर पान अडकतं. जमा आपणच या रिड्यूससाठी नवी कोरी दिलेली असेल तर तिच्यातच भर टाकून तीच परत द्यावी. बाहेर कुणाच्या हातात ती नसते, त्यामुळे धोकाही नसतो.

रिड्यूसचं एक जवळचं भावंड आहे, स्कॅन. रिड्यूस फक्त शेवटची जमा देतं, स्कॅन प्रत्येक पायरीची जमा देतं. बँकेच्या पासबुकातला शिल्लक रकमेचा रकाना म्हणजे जमा-खर्चाच्या नोंदींवर चालवलेलं स्कॅन. पायथनमध्ये ते इटरटूल्समधलं अक्युम्युलेट आहे. याचा उपयोग नुसता दाखवण्यापुरता नाही. महिन्याच्या पावत्यांची अशी चालती बेरीज एकदा काढून ठेवली की ११ ते २० तारखेची विक्री काढायला पुन्हा लूप लागत नाही. २० तारखेपर्यंतच्या बेरजेतून १० तारखेपर्यंतची बेरीज वजा केली की झालं. कितीही वेळा, कोणत्याही दोन तारखांसाठी, एका वजाबाकीत. हे जमतं कारण मिळवलेलं वजा करता येतं. सर्वांत मोठ्या आकड्याच्या बाबतीत तसं करता येत नाही. २० तारखेपर्यंतची सर्वांत मोठी पावती ९०० रुपयांची आणि १० तारखेपर्यंतचीही तीच, एवढंच माहीत असेल तर मधल्या दहा दिवसांतली सर्वांत मोठी कोणती हे त्यातून निघत नाही. त्यासाठी जमा साठवण्याची वेगळीच रचना लागते, सेगमेंट ट्री. त्यात यादीचे लहान-मोठे तुकडे आधीच रिड्यूस करून झाडासारखे एकावर एक रचून ठेवलेले असतात, आणि तिथे गरज पडते ती पुन्हा साहचर्याचीच.